‘मॅडम, मी कुठे कमी पडलो?’

काका, नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या स्नेहसंमेलनात यंदा पहिल्यांदाच रॅप बॅटल ठेवली होती, म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून यमकांतून एकमेकांवर बोलायचं. अंतिम फेरीत दोन मुलं उरली. नावं लिहीत नाही. एकाला टोपीवाला म्हणते, दुसऱ्याला चष्मेवाला. बीट, म्हणजे मागं वाजणारा ताल, नव्हता; नुसता माईक. प्रत्येकी तीन राउंड, एकेक दीड मिनिटाचा. नाणेफेकीत चष्मेवाल्यानं आधी म्हणायचं ठरलं. परीक्षक आम्ही तिघं: मी, एक संगीत शिक्षक आणि आमचाच एक माजी विद्यार्थी, जो स्वतः रॅप करतो. गुणपत्रिका आमच्या काव्यवाचन स्पर्धेचीच वापरली. आशय, उच्चार, पाठांतर, हावभाव, एकूण परिणाम, प्रत्येकाला १० गुण.

पहिला राउंड चष्मेवाल्याचा झाला, दुसऱ्यात टोपीवाला सरस होता. तिसऱ्यात चष्मेवाला टोपीवाल्याच्या आईवर आला. त्या बाजारात भाजी विकतात. त्याच्या ओळी त्याच्या फोनवरून उतरवून घेतल्या आहेत:

आई तुझी बाजारात भाजी विकते तोलून,
तू इथं हवा विकतोस नुसतं मोठं बोलून.

टोपीवाल्याची पाळी आली तेव्हा तो थोडा थांबला आणि म्हणाला:

आई तोलून विकते, म्हणून काटा मला कळतो,
टाक तुझं सगळं वजन, बघू काटा कुठं हलतो!

हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. पण त्यानंतर तो अडकला. पाच-सहा सेकंद काही सुचेना, वर बघत राहिला. मग सावरला आणि राउंड पुरा केला. बाकी दोन परीक्षकांचं एक मत याला, एक त्याला पडलं होतं. माझे गुण निर्णायक ठरले आणि चष्मेवाला ४ गुणांनी जिंकला. त्याचं लेखन खरंच सुरेख आहे, नंतर मी फोनवर सगळं वाचलं. मुलांनी मात्र हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी जिन्यात टोपीवाला भेटला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, मी कुठे कमी पडलो?” मी “छान झालं रे, पुढच्या वेळी बघू” म्हणून निघून आले. दोन आठवडे झाले, ते डोक्यातून जात नाही.

मी चुकले का? रॅपमधलं मला काही कळत नाही. पुढच्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला परीक्षक म्हणून पुन्हा बोलावलंय. जाऊ की नको?

– एक परीक्षक

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारण दोन आठवडे तुम्ही त्याचीच वाट बघताय. मी तिथं नव्हतो. पत्रातून जेवढं ऐकू आलं त्यावरून माझं मत असं, की तिसरा राउंड टोपीवाल्याचा होता. दुसराही त्याचाच, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बॅटल त्यानं जिंकली होती आणि तुमच्या हातून निकाल उलटा गेला. पण तो का गेला ते नीट बघा, कारण त्याचं मूळ तुम्हाला रॅप न कळण्यात नाही. ते त्या गुणपत्रिकेत आहे.

त्या कागदावर ‘पाठांतर’ला १० गुण होते. समोरच्याला दिलेल्या उत्तराला एकही रकाना नव्हता. म्हणजे टोपीवाल्यानं त्या रात्री सगळ्यात मोठं काम जे केलं, ते लिहायला तुमच्याकडे जागाच नव्हती, आणि तो जिथं अडखळला तिथं मात्र पेन टेकवायला आयता चौकोन होता. ४ गुणांचा फरक कुठून आला ते मला इथं बसून दिसतंय. तुम्ही कागदाशी प्रामाणिक राहिलात. कागद दुसऱ्याच खेळाचा होता.

आता तो अडकला का, याचा विचार करा. ही मुलं बहुतेक सगळं घरून लिहून, घोकून आणतात. समोर कोण आहे हे आधी माहीत असतं, त्यामुळे दीड मिनिटाचा राउंड डोक्यात एका दोरीत ओवलेला असतो. टोपीवाल्यानं आईवरची ओळ ऐकली आणि ती दोरी सोडून दिली. तयार माल बाजूला ठेवून त्यानं समोरच्याचा ‘तोलून’ उचलला आणि त्याच शब्दावर उभं राहून दोन ओळी केल्या. मग दोरीचं टोक सापडायला पाच-सहा सेकंद गेले. रॅपवाले याला चोक म्हणतात आणि चोकला माफी नसते हेही खरं. कित्येक परीक्षक चोक झाला की राउंड गेला असंच धरतात. पण पाठ केलेलंच विसरून अडकणं आणि उत्तर द्यायला वाट सोडून गेल्यामुळे अडकणं, यात मी फरक करतो. त्याला शून्य दंड करा असं मी म्हणत नाही. सहा सेकंदांची शांतता त्या दीड मिनिटात होतीच. पण ती शांतता कशाच्या किमतीपोटी आली, ते त्याच पारड्यात घालून बघायला हवं होतं.

तुमच्या जागी बसून मी एक गोष्ट आणखी धरली असती. तिन्ही राउंड चष्मेवाला आधी होता. नंतर येणाऱ्याला ऐकून उत्तर देता येतं, हा त्याचा फायदाच असतो. शिवाय शेवटच्या राउंडला शेवटचा शब्द त्याचा, त्यावर पहिल्याला काही बोलता येत नाही. म्हणून टोपीवाल्याच्या उत्तराचं वजन करताना चष्मेवाल्याला तशी संधी कमी होती हे लक्षात ठेवावंच लागतं. कमी होती, नव्हती असं नाही: दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडला तो आधीच्या राउंडमधलं काही उचलू शकला असता. तुमच्या पत्रात तरी त्यानं तसं काही उचललेलं दिसत नाही.

मी मूळचा कणकवलीकडचा. लहानपणी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकायला बापाच्या मांडीवर पहाटेपर्यंत बसलोय. दोन बुवा, दोघांची आपापली पेटी, पखवाज, झांजा, आणि एकामागून एक बारी. गळा दोघांचाही चांगला असतोच. पण मंडपातली माणसं पुढं सरकून बसायची कधी, तर पहिल्या बुवानं गजरात काही टोमणा मारला आणि दुसऱ्या बुवाची बारी आली की. आता हा काय म्हणतो! त्यानं टोमणा कानाआड करून आपलं ठरलेलंच गाणं गायलं, ते कितीही गोड गायलं, तरी बाप मान हलवायचा. “जवाब दिल्यान नाय,” म्हणायचा. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात तर हे आणखी रोखठोक. तुरेवाले शिवाला मोठं म्हणणार, कलगीवाले शक्तीला, आणि एकानं सवाल टाकला की दुसऱ्याला त्याच सवालाचा जवाब द्यावा लागणार. तुम्ही मराठी शिकवता, ही सवाल-जवाबाची भेदिक शाहिरी तुमच्या अभ्यासक्रमात कधी ना कधी आली असेल. तेव्हा ‘मला रॅपमधलं काही कळत नाही’ हे वाक्य मी मान्य करत नाही. बॅटलचा गाभा तुम्हाला कळतो. त्या संध्याकाळी तुम्ही तो काव्यवाचनाच्या मापानं मोजायला बसलात, एवढंच.

या खेळाच्या मूळ गावातही हा प्रश्न असाच उभा राहिला होता. डिसेंबर १९८१, न्यूयॉर्कमधल्या हार्लेममधला हार्लेम वर्ल्ड हा क्लब. बिझी बी हा तिथला गर्दीचा लाडका. आरोळ्या द्यायच्या, लोकांकडून प्रतिसाद काढायचा, सगळा हॉल आपल्या बाजूला नाचवायचा, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्यानंतर कूल मो डी आला आणि गर्दीला खुश करण्याच्या भानगडीत न पडता थेट बिझी बीवरच बोलला. त्याच्या नावावर, त्याच्या त्याच त्या आरोळ्यांवर, तू लिहितोस तरी काय यावर. त्याची कॅसेट हातोहात फिरली, आणि तेव्हापासून बॅटल म्हटलं की समोरच्या माणसाला उद्देशून, त्याच्यासाठीच लिहिलेलं बोलणं, ही अपेक्षा रुजली.

मी स्वतः परीक्षक असतो तेव्हा यावरून एक साधी पारख करतो. ओळ लागली की मनातल्या मनात समोरचा माणूस बदलून बघतो. तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर चष्मेवाल्याच्या पहिल्या राउंडमधल्या या ओळी दिल्यात:

तुझा फ्लो म्हणजे एसटी, दर फाट्याला थांबते,
पोचायचं कुठं कळेना, गोष्ट नुसती लांबते.

फ्लो म्हणजे रॅप म्हणण्याचा ओघ. ओळी छान आहेत. ऐकताक्षणी चित्र उभं राहतं, ‘थांबते-लांबते’ कानाला गोड लागतं, हसू येतं. पण टोपीवाल्याला उठवून तिथं दुसरं कुणीही उभं करा, ओळ तशीच चालेल. पुढच्या महिन्यातही चालेल. टोपीवाला रोज लांबच्या गावाहून एसटीनं कॉलेजला येत असेल आणि हॉलला ते ठाऊक असेल, तर याच ओळी दुप्पट जड होतात. ते तुम्हाला माहीत, मला नाही. आता काट्याच्या दोन ओळींवर हीच पारख लावा. त्या त्या मुलानंच म्हणायच्या, त्या समोरच्यालाच, त्या दोन ओळींनंतरच. एक शब्द हलवता येत नाही. चष्मेवाला ‘तोलून’ म्हणाला नसता तर त्या जन्मालाच आल्या नसत्या. आणि कारागिरी बघा: आईच्या धंद्यावरून हिणवलं, तर त्यानं आई नाकारली नाही, धंदा झाकला नाही. उलट त्या धंद्यातून आपल्याला काय येतं ते सांगितलं, आणि तोच तराजू समोरच्यापुढे धरला. ‘वजन’ हा शब्द भाजीलाही लागतो आणि लिहिण्यालाही. हे सगळं दीड मिनिटाच्या आत, उभ्या उभ्या.

इथं तुमच्यातली मराठीची बाई आड आली असेल का, अशी मला शंका आहे. ‘कळतो’ आणि ‘हलतो’. एकात ळ, एकात ल. वर्गात तुम्ही हे यमक सैल म्हणाल आणि बरोबर म्हणाल. पण माईकवर म्हणून बघा. जोर ‘तो’वर आणि त्याच्या आधीच्या ‘अ’वर पडतो, ळ आणि ल शेजारी शेजारी जातात, कानाला खटकत नाही. रॅपमध्ये यमक कानानं जुळवतात. कित्येकदा शेवटच्या एका अक्षरावर न थांबता अनेक अक्षरांचे स्वर जुळवत नेतात, त्याला ही मुलं मल्टी म्हणतात. वहीवर ते दिसतही नाही. उलटही होतं. चष्मेवाल्याचं लेखन तुम्हाला नंतर फोनवर वाचून सुरेख वाटलं. असेलच. पण हॉलमध्ये ते एकदाच ऐकायला मिळतं, मागं जाऊन पुन्हा वाचता येत नाही. ज्या श्लेषाची गंमत दुसऱ्या वाचनाला कळते, तो कवितासंग्रहात फुलेल; बॅटलमध्ये तो ऐकणाऱ्यांच्या डोक्यावरून गेला तर त्याचं श्रेय मी पुरतं देत नाही. पुढच्या वेळी स्पर्धा संपेपर्यंत कुणाचंही लिहिलेलं वाचू नका.

श्वासाकडे मात्र लक्ष द्यायला शिका, ते वर्गात शिकवत नाहीत. बीट नसताना सगळा तोल श्वासावर असतो. पंचलाइनच्या, म्हणजे घाव घालणाऱ्या ओळीच्या, आधी मुद्दाम घेतलेला श्वास हॉल शांत करतो. पंचलाइनच्या मधोमध तुटलेला श्वास ती ओळ मारून टाकतो.

गर्दीबद्दल तुम्ही फक्त हुर्यो उडवली एवढंच लिहिलंय, पण त्यामुळे तुम्ही दुखावला आहात हे जाणवतं. गर्दी ऐकायची, तिच्या मागं जायचं नाही. कॉलेजात अर्धा हॉल मित्रांचा असतो; ते नाव पुकारलं तरी ओरडतात, टोपी फिरवली तरी ओरडतात. म्हणून आरडाओरडा झाला की तो कशाला झाला ते वहीत एका शब्दात टिपायचं. ‘हात’, ‘नाव’, ‘आई’, ‘काटा’. राउंड संपल्यावर त्या चार शब्दांकडे बघितलं की कळतं, ओळीला किती आणि माणसाला किती. काट्याच्या ओळीला हॉल उसळला तो ओळीला उसळला, असं मी पैजेवर सांगतो. चष्मेवाल्याचे मित्रही त्यात असतील.

आता आईवरची ओळ. याबद्दल तुम्ही पत्रात काहीच विचारलं नाही, पण मला त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. बॅटलमध्ये वैयक्तिक बोललं जातं, ते खेळात धरलेलं आहे. घर, कपडे, गाव, मागच्या स्पर्धेत हरलास तो दिवस, सगळं निघतं. पण आपल्या कॉलेजात समोरासमोर उभी राहणारी ती मुलं सोमवारी एकाच बाकावर बसणार असतात. आणि आपल्याकडे आईच्या धंद्यावरून जातीवर जायला अर्धी ओळही लागत नाही. म्हणून जात, धर्म, आजार, शरीर आणि घरातल्या बायकांविषयी अश्लील बोलणं, यांवर हद्द आधी आखायची. नाणेफेकीच्या आधी, दोघांना समोर बसवून, तोंडी आणि लेखी. ओलांडली तर काय होणार तेही तेव्हाच सांगायचं. आधी न सांगता नंतर मनातल्या मनात गुण कापणं हा अन्याय आहे, आणि तो तुम्ही चष्मेवाल्यावर केला नाहीत हे बरं झालं. त्याची ओळ माझ्या हिशोबी हद्दीच्या आत होती. कष्टाला हिणवण्याचा तिचा सूर मला आवडला नाही, पण त्याचं उत्तर त्याला हॉलमध्येच मिळालं.

पुढच्या महिन्यात जा. नक्की जा. तुमच्यासारखी रात्र रात्र विचार करणारी माणसं त्या टेबलाशी हवीत. मात्र जाण्याआधी आयोजकांशी बोलून घ्या. ती गुणपत्रिका फाडा. प्रत्येक राउंड वेगळा धरा, संपल्या संपल्या कुणाचा ते लिहून कागद उलटा ठेवा, शेजारच्या परीक्षकाशी शब्दही बोलू नका. तिसऱ्या राउंडनंतर कागद सरळ करा. परीक्षक तीन किंवा पाच असावेत, आणि त्यात रॅप करणारा किमान एक असावाच. कोण आधी, हे दर राउंडला आलटून पालटून ठेवता आलं तर उत्तम. चोक किती धरायचा हेही आधीच एकमतानं ठरवा. दोन परीक्षक दोन मापं लावतात तेव्हाच भांडणं होतात.

आणि निकालाची कारणं स्टेजवरून सांगा. फिलिपिन्समध्ये २०१० पासून फ्लिपटॉप नावाची बॅटल लीग चालते. तिथं निकालानंतर परीक्षक एकेक करून माईक घेतात आणि कुणाला का मत दिलं ते दोघांच्या तोंडावर सांगतात. त्या देशालाही याची जुनी सवय आहे. १९२४ साली मनिलात दोन कवींना समोरासमोर उभं करून पद्यातून वाद घालायला लावला होता, त्या प्रकाराला बालागतासान म्हणतात. तीन वाक्यं पुरतात. हरलेल्याची कोणती ओळ तुमच्या लक्षात राहिली, जिंकलेल्यानं कुठं बाजी मारली, आणि तुमचं मत कुठं हिंदकळलं. सगळ्यांसमोर हे बोलायचं आहे हे माहीत असलं की परीक्षक वेगळ्या कानानं ऐकतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. जिन्यात तुमच्याकडे शब्द नव्हते, कारण हॉलमध्ये ते कुणी मागितलेच नव्हते.

टोपीवाल्याला बोलावून घ्या, जिन्यात गाठू नका. निकाल बदलू नका, तसं सुचवूही नका. चष्मेवाला मांडलेल्या नियमांनी जिंकलाय, त्याच्या हातातून काही काढून घ्यायचा अधिकार आता कुणाला नाही. एमिनेम या अमेरिकन रॅपरचं उदाहरण तर मुळीच देऊ नका. तो १९९७ साली स्क्रिबल जॅम या बॅटल स्पर्धेत हरला आणि त्याच वर्षी रॅप ऑलिंपिक्समध्येही दुसरा आला, हे या पोरांना तोंडपाठ असतं, आणि त्या घटकेला त्याचा काही उपयोग नसतो. टोपीवाल्यानं जे विचारलं त्याचंच उत्तर द्या. “तू अडकलास तिथं मी गुण कापले. तू उत्तर दिलंस त्याचे द्यायला हवे होते, ते मी दिले नाहीत. ती माझी चूक.” मग ज्यात तो खरंच कमी पडला ते सांगा, कारण ते ऐकायचा त्याला हक्क आहे. उत्तर देऊन झाल्यावर परत यायला त्याच्याकडे पायरी नव्हती. जुने बुवा जवाब दिला की पाठ असलेल्या एका ठरलेल्या ओळीवर उतरायचे, ती ओळ कशाच्याही मागं चालायची, आणि ती म्हणता म्हणता पुढचं आठवायचं. तशी एक ओळ खिशात ठेव म्हणावं.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. चष्मेवाल्याच्या ओळी तुम्ही त्याच्या फोनवरून उतरवून घेतल्यात, तसं स्पष्ट लिहिलंय. टोपीवाल्याच्या दोन ओळी कुठून घेतल्या ते लिहिलेलं नाही. त्या क्षणी रचलेल्या ओळी कुठल्याही फोनमध्ये नसणार. दोन आठवड्यांनी तुम्ही त्या आठवून लिहिल्यात, एक अक्षर न चुकता. त्याला भेटाल तेव्हा हे पहिल्यांदा सांगा.

– तुमचा, काका